माझी वितळलेली हाडं

“मास्तर, सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवत नाही. पण हाडं वितळल्यावरसुद्धा स्वतःच्या पायांनी मंडई करून येणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आत्ता तुमच्यासमोर पोहे खातोय.”

पेठकर मास्तरांचा चमचा वाटेतच थांबला. नलूवहिनींनी पदर तोंडाला लावला. दोघं माझ्या बायकोला, शालनला, बघायला आली होती. चार दिवसांपूर्वी ती मोरीत घसरली, डाव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. हाडांचा डॉक्टर म्हणाला, आजी, हाडं ठिसूळ झालीत. तेव्हापासून घरात हाडांशिवाय दुसरा विषय नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण आपापलं एक हाड घेऊन यायचा. कुणाचा गुडघा, कुणाचा खुबा, कुणाच्या चुलत सासूच्या माकडहाडाची कथा. असल्या बैठकीत माझी गोष्ट मी पोटात ठेवली असती, तर माझंच पोट दुखलं असतं.

ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. लग्नाच्या पंगतीत, बारशात, एकदा तर तेराव्याच्या जेवणात. पण शालनसमोर पुरी अशी कधीच नाही. माणसं जमली की मी बाहेरच्या खोलीत आणि ती आत चुलीपाशी, त्यामुळं तिच्या कानावर पडायचे ते तुकडे. त्या दिवशी मात्र पोहे मीच केले होते. त्यांवर कोथिंबीर जरा जास्तच पडली होती. आदल्या दिवशी मी सात जुड्या आणल्या होत्या, का ते विचारू नका. शालन प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसली होती. उठून जाणार कुठं?

“सांगा की,” मास्तर म्हणाले. “आम्ही तरी कुठं विश्वास ठेवायला आलोय?”

मग मी सुरू केलं.

सत्त्याऐंशी साल. मी चौतीस वर्षांचा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आठ तास खुर्ची. साऱ्या गावाचे ट्रंक कॉल माझ्या हातातून जायचे आणि त्यांतले निम्मे माझ्या तोंडातून परत गावात यायचे. बोलण्याची नोकरी म्हणा. हाडांना काम असं काही नव्हतं.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत एक बाई आल्या. सडपातळ, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. निरुपमा गद्रे. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकवायच्या आणि प्रबंध लिहीत होत्या. वय असेल अठ्ठावीस. म्हणाल्या, मला दिवसभर बसून काम करणारी, तब्येतीनं ठणठणीत अशी चोवीस माणसं हवीत.

“कशाला?” माझा सोबती बाबूराव सनगर म्हणाला. तो आमच्याच चाळीत, बरोब्बर आमच्या खालच्या खोलीत राहायचा.

“तुमची हाडं बघायला.”

सनगर घाबरून हसला. बाई डब्यांच्या टेबलाशी टेकल्या आणि सांगायला लागल्या. “तुम्हाला वाटतं, हाड म्हणजे दगड. एकदा घडलं की घडलं. तसं नसतं. हाड रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. आत कामगारांच्या दोन टोळ्या असतात असं समजा. एक टोळी जुनं खरवडून काढते, दुसरी मागोमाग नवं लिंपत येते. उमेदीच्या वयात दोघींचं जमतं. पुढं खरवडणारी टोळी पुढं जाते आणि लिंपणारी मागं राहते.”

“आणि मग?”

“मग माणूस मोरीत घसरतो आणि खुबा मोडतो.”

(इथं नलूवहिनींनी शालनच्या प्लॅस्टरकडं बघितलं. शालन खिडकीबाहेर बघत होती.)

“उंचावरून उडी मारली की हाडाला हादरा बसतो,” बाई म्हणाल्या. “त्या हादऱ्यानं लिंपणारी टोळी जागी होते, का खरवडणारीच चेकाळते, हे मला बघायचंय. तुमच्यासारख्या धडधाकट माणसांत.”

धडधाकट म्हटल्यावर मी कुठला गप्प बसतोय. म्हटलं, “बाई, उड्यांचं मला सांगू नका. शाळेत असताना पाटलाची बारा हातांची विहीर मी आडवी ओलांडलीय. तीही कमरेला घागर बांधून.”

“भरलेली का रिकामी?” बाईंनी गंभीरपणे विचारलं.

“जाताना रिकामी. येताना भरलेली.”

त्या मोकळ्या हसल्या आणि यादीत पहिलं नाव माझं लिहिलं. दिनकर मुळीक.

स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. बारा जणांनी उड्या मारायच्या, बारा जणांनी नेहमीसारखं राहायचं. माझी चिठ्ठी उड्यांची निघाली, सनगरचीही. प्रत्येकाला एक दीड फुटाचा लाकडी खोका मिळाला. खोक्याच्या माथ्यावर बाईंनी स्वतः पांढऱ्या रंगानं दोन पावलं काढली होती, पाय नेमके कुठं ठेवायचे ते कळावं म्हणून. रोज पन्नास उड्या, सोळा आठवडे. अनवाणी, दोन्ही पाय एकदम फरशीवर. “धप्प असा आवाज आला पाहिजे,” बाई म्हणाल्या. “चोरासारखं अलगद उतरायचं नाही. हादरा हेच आपलं औषध आहे.” सोबत एक कार्ड होतं. उड्या झाल्या की त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची.

पहिल्या दिवशी मी आठ उड्या मारल्या आणि भिंत धरली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की एक्स्चेंजचा जिना मी बसून उतरलो. तिसऱ्या दिवशी तीन उड्या झाल्या. चौथ्या दिवसापासून मी उड्या मारणं सोडलं आणि खुणा मारणं सुरू केलं.

विहीर ओलांडणाऱ्या माणसानं बाईंना जाऊन सांगायचं कसं, की दीड फुटावरून उतरताना मला धाप लागते?

अडचण एकच होती, खाली राहणारा सनगर. तो रोज सकाळी साडेसहाला इमानेइतबारे धप्प धप्प करायचा, आणि वरून आवाज आला नाही तर त्यानं विचारलं असतं. मग मी काय करायचो, तर पलंगावर बसून तो खोका दोन्ही हातांनी उचलायचो आणि फरशीवर आपटायचो. मोजून पन्नास वेळा.

“अहो, त्यापेक्षा उड्या मारल्या असत्या तर?” मास्तर म्हणाले.

“हेच ही तेव्हा म्हणाली होती,” मी शालनकडं बोट केलं. “अगदी हेच शब्द.”

शालननं गळ्यातली पट्टी नीट केली.

आठ आठवडे झाले आणि मधली तपासणी आली. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि लघवी द्यायची. हाड विरघळलं की त्यातला एक पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो, तो मोजायचा. त्याचं नाव एवढं लांब होतं की तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलमध्ये मावलं नसतं. बाईंनी सगळ्यांना पथ्याचा छापील कागद दिला. तपासणीआधी तीन दिवस मटण, चिकन, मासे बंद. आणि खाली ठळक अक्षरांत: बोकडाच्या पायांचा रस्सा अजिबात घेऊ नये.

तो कागद मी दहादा वाचला. माझी झोप उडाली होती. सनगरची हाडं आठ आठवड्यांत लोखंडासारखी झाली असणार आणि माझी होती तिथंच. बाटली बघूनच बाईंना कळणार, हा माणूस पलंगावर बसून होता. आणि मग त्या ठळक ओळीनं माझ्या डोक्यात उजेड पाडला.

शाळेत परीक्षेला काय सांगतात? वही जवळ ठेवू नका. का सांगतात? वहीत उत्तर असतं म्हणून. मग पायांचा रस्सा घेऊ नका असं बाई का सांगतायत? आमच्याकडं कुणाचं हाड मोडलं की पहिला रस्सा कसला करतात? पायांचा. हाडाचं हाडाला लागतं. म्हणजे तो प्याला की हाडं जोमात येत असणार, न मारलेल्या उड्या मारल्यासारख्या दिसत असणार, आणि म्हणूनच त्या बंदी घालतायत!

हुसेनचाचाच्या दुकानातून मी आठ पाय आणले.

“कागदावर नको लिहिलंय,” शालन म्हणाली.

“ते इतरांसाठी.”

“अहो, त्या बाईनं काहीतरी बघूनच लिहिलं असंल ना?”

“तू शिजव. हाडांतलं तुला काय कळतंय?”

तीन दिवस, तीन वेळा, वाडगा भरभरून रस्सा प्यालो. ओठांना ओठ चिकटायचे इतका दाट. चौथ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन बाटली दिली आणि ‘पथ्य पाळले’ या ओळीखाली सही केली. चांगली लफ्फेदार.

दहा-बारा दिवसांनी बाई एक्स्चेंजमध्ये आल्या. चेहरा पांढराफटक. मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “मुळीक, खाली बसा. हळू. एकदम बसू नका.”

“काय झालं बाई?”

“तुमचा आकडा नेहमीच्या तिप्पट आलाय.”

मी मनात म्हटलं, वा रे रस्सा! तोंडानं म्हटलं, “एवढी वाढली हाडं?”

“वाढली नाहीत हो,” बाईंचा आवाज फाटला. “हा विरघळण्याचा आकडा आहे. तुमची हाडं झिजतायत. इतक्या वेगानं की मी कुठल्या पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही.”

बाईंना माहीत असलेली एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. बोकडाच्या पायांत जे चिकट असतं, तेच पोटात जाऊन, मोडून, लघवीतून बाहेर पडतं. बाटलीत जे सापडलं ते बिचाऱ्या बोकडाचं होतं. पण त्या बाटलीला कसं कळणार, हे बोकडाचं आणि हे मुळीकचं?

“तीन दिवसांत काही मांसाहार? रस्सा? चुकून?” बाईंनी विचारलं. “खरं सांगा, मी रागावणार नाही.”

तेव्हा सांगता आलं असतं. दार सताड उघडं होतं.

“बाई,” मी म्हणालो, “वरण-भात. आमच्या घरी तर पंधरा दिवस मटणाचं नाव नाही. हिनं देवीला नवस बोललाय.”

मास्तर मांडीवर थाप मारून हसले. नलूवहिनी म्हणाल्या, “देवीला मध्ये ओढलीत?” मीही हसलो. या जागेपर्यंत गोष्ट नेहमीच चांगली रंगते.

पुढचीही रंगते. बाईंनी त्याच दिवशी बाराही जणांच्या उड्या थांबवल्या. मला रजा घ्यायला लावली. जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही, शिंकतानासुद्धा जपून, कारण बरगडी जायची. चार माणसांनी मला खुर्चीत बसवून चाळीचा जिना चढवला. सनगर पुढच्या बाजूला होता, ढसाढसा रडत. “दिनूभाऊ, वरून तुमची धप्प धप्प ऐकून मला हुरूप यायचा हो!” म्हणाला. लोक भेटायला यायला लागले. दूध, केळी, अंडी, डिंकाचे लाडू. पोस्टमास्तरांनी येऊन लांबूनच नमस्कार केला, हात मिळवला तर बोटं मोडतील म्हणून. दोन दिवस मी राजासारखा पडून होतो. इतकं सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं.

एरवी मी इथून सरळ शेवटाकडं उडी मारतो. मधलं गाळतो. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. समोर शालन बसली होती, तिचा तो पांढरा हात, आणि ती माझ्याकडं बघतही नव्हती. मधलं गाळायला गेलो तर जीभच वळेना.

बाई रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की यायच्या. पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणीचं सत्त्व. शालनला दूध किती द्यायचं ते समजावून सांगायच्या. शालन मान हलवायची आणि माझ्याकडं बघायची. मी छताकडं बघायचो. बाई गेल्या की शालन म्हणायची, “सांगा त्यांना.” मी म्हणायचो, “उद्या.”

चौथ्या दिवशी बाई आल्या त्या स्टुलावर बसून राहिल्या, पिशवी उघडलीच नाही. नंतर म्हणाल्या, “मुळीक, उद्या अकरा वाजता समिती बसतेय. प्राचार्य, माझे मार्गदर्शक, सगळे. मी लिहून देणार आहे की चूक माझी. संशोधन बंद करतेय.”

“परत तपासणी करा की.”

“नमुना मुंबईला जाणार, निकालाला तीन आठवडे. तोवर समिती थांबायला तयार नाही. आणि मी तरी कुठल्या तोंडानं थांबा म्हणू? एका धडधाकट माणसाची हाडं मी झिजवलीयत.”

मी परत छताकडं बघितलं.

“माझी आई पन्नाशीतच वाकली,” त्या म्हणाल्या. “तुळशीला पाणी घालून वळताना पडली आणि खुबा मोडला. दोन वर्षं अंथरुणात होती. मला वाटायचं, तरुणपणी कुणी तिला नुसत्या उड्या मारायला लावल्या असत्या तर? साध्या उड्या. ना औषध, ना डॉक्टर. एवढंच शोधायचं होतं मला.”

मग त्या उठल्या, माझ्या पायाशी आल्या. नडगीवर दोन बोटं ठेवली. इतकी हलकी की जणू अंड्याच्या कवचावर ठेवलीयत. आणि विचारलं, “दुखतं का?”

मला काही दुखत नव्हतं. चौतीस वर्षांत त्या नडगीला चिलट चावल्याचंही दुखलं नव्हतं. पण लोक बघायला येत होते, पोस्टमास्तर नमस्कार करत होते, आणि ‘नाही’ म्हटलं तर पुढचे दहा प्रश्न होते.

मी म्हटलं, “थोडं.”

बाईंनी बोटं काढून घेतली. भाजल्यासारखी. पिशवी उचलली आणि खाली मान घालून जिना उतरल्या. दारात शालन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

खोलीत कुणी हसत नव्हतं. मास्तर बशीतले शेंगदाणे चमच्यानं एका कडेला लावत होते. मला ती शांतता सोसेना. आयुष्यभर बोर्डावर बसलेला माणूस मी, लाइन मुकी झाली की माझा हात आपोआप पुढच्या प्लगकडं जातो. मी आवाज चढवला.

“आणि मग दुसरा दिवस उजाडला, मास्तर! अकराला समिती. मी साडेदहाला ताडकन उठलो. तो खोका घेतला. खोक्यावरची पावलं कशी? सनगरच्या खोक्यावरची आठ आठवड्यांत घासून पार पुसली होती, आणि माझ्या खोक्यावरची दारातल्या लक्ष्मीच्या पावलांसारखी कोरी करकरीत! म्हटलं, याच्याहून पुरावा कुठला? घेतला डोक्यावर आणि निघालो भर बाजारातनं. लोक बघतायत, अरे हा मुळीक, याची तर हाडं वितळली होती! कॉलेजात शिरलो. समितीच्या टेबलावर खोका धाडकन आदळला. म्हटलं, ‘या बाईंना कोण बोलतोय? चोर इथं उभाय! उड्या मारल्या नाहीत, रस्सा प्यालोय, आठ पायांचा!’ प्राचार्यांचा चष्मा नाकावरून घसरला. ते म्हणाले, ‘कशावरून तुमची हाडं शाबूत आहेत?’ मी म्हटलं, ‘मोजा!’ आणि चढलो त्या टेबलावर आणि मारल्या उड्या. पन्नास! दौत उलटली, भिंतीवरची घंटा आपोआप वाजली, सगळी पोरं वर्ग सुटला म्हणून मैदानात! आणि बाई? बाई डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, ‘मुळीक, माणूस असावा तर तुमच्यासारखा...’ ”

“थांबा,” शालन म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. मी तोंड तसंच उघडं ठेवून थांबलो.

“खोटं आहे,” ती मास्तरांना म्हणाली. “ते गेलेच नव्हते. खोका मी नेला.”

“अगं, गोष्ट म्हणून जरा इकडंतिकडं...”

“गोष्ट तुमची हो. ओझं माझ्या डोक्यावर होतं.” तिनं प्लॅस्टरमधला हात गळ्यातल्या पट्टीसकट वर उचलला. “ह्याच हातानं धरून नेला. तुम्हाला उठवलं, दोनदा उठवलं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून डोक्यावर पांघरूण घेतलंत.”

नलूवहिनी चुळबुळल्या. “असू दे, शालनताई. झालं त्याला...”

“टेबल नव्हतं का घंटा नव्हती,” शालन म्हणाली. “बाई व्हरांड्यात एकटीच बसली होती, हातात तो लिहिलेला कागद घेऊन. मी खोका खाली ठेवला, रश्शाचं सांगितलं. तिनं ती कोरी पावलं बघितली. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. तर तिनं एवढंच विचारलं, ‘म्हणजे त्यांना दुखत नाहीये ना?’ मी म्हटलं, नाही बाई, काही दुखत नाही. तशी त्याच खोक्यावर बसली आणि रडली. तुमचं नाव काढून, उड्या परत सुरू करून, तेवीस जणांवर प्रबंध पुरा केला तिनं.”

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर माझ्याकडं बघत नव्हते.

“सदतीस वर्षांत एकदा विचारलं नाहीत, बाई काय म्हणाली,” शालन म्हणाली.

“विचारणारच होतो,” मी म्हणालो.

“कधी? परवा गोळ्या आणायला गेलात, तेव्हा तिच्या दारावरूनच गेलात की नाही? आणि काल तर तीच आली होती मला बघायला. एवढी पांढऱ्या केसांची बाई, हातात नाचणीचा डबा घेऊन. फाटक वाजलं, तुम्ही खिडकीतनं बघितलंत, आणि मागच्या दारानं कोथिंबीर आणायला गेलात.”

नलूवहिनींनी हातातली बशी हळूच खाली ठेवली.

“ती दोन तास बसली,” शालन म्हणाली. “जाताना विचारत होती, मुळीकांचे पाय कसे आहेत.”